डिझेलच्या तीस गाड्या

चौदावा नियम मी टाइप केला होता. एकदा नाही, तीनदा. पहिली स्टेन्सिल फाटली म्हणून दुसऱ्यांदा, आणि गुप्तेकाकांना 'डिझेल'पेक्षा 'इंधन' हा शब्द बरा वाटला म्हणून तिसऱ्यांदा. टपाल नाक्याजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मी शिकवायला होते, तिथलं सायक्लोस्टाइलचं मशीन वापरलं तर मालक काही बोलत नसत, म्हणून हे सगळं फुकटचं काम माझ्या गळ्यात. करत होते. बाबांसाठी करत होते. आणि प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी नियमांची छापील पुस्तिका हातात आली, उघडून बघते तर तेरानंतर एकदम पंधरा! नियम काढून टाकला तो टाकला, पुढचे आकडे बदलायची तसदीसुद्धा घेतली नव्हती त्या माणसाने.

तुम्ही म्हणाल, खेळण्यातल्या गाड्यांचा खेळ, त्यातला एक नियम गेला तर एवढं काय आकाश कोसळलं? सांगते. पण मी शांतपणे सांगेन अशी आशा ठेवू नका. आमच्या घरातली सगळी शांतता बाबांच्या वाट्याला गेली, मला आईचं तोंड मिळालं.

माझे बाबा, महादेव घरत, फौजेत पंधरा वर्षं ड्रायव्हर होते. सुटून आल्यावर तळोज्याच्या एका कारखान्याची बस चालवायला लागले. पहिल्या पाळीची माणसं न्यायची, दुसऱ्या पाळीची आणायची. बसमध्ये समोर गणपती होता, आणि गणपतीच्या शेजारी बोटभर लांबीचा एक ट्रक. जत्रेत मिळतो तसला लाल-पिवळा प्लास्टिकचा ट्रक आणून बाबांनी त्याचा फौजेतला तीन टनी केला होता. चाकं दगडावर घासून लहान केलेली. टूथपेस्टच्या ट्यूबचा पत्रा कापून मडगार्ड. टाचणीच्या डोक्यांचे दिवे. बँडेजची पट्टी फेव्हिकॉलमध्ये बुडवून बसवलेली ताडपत्री, तिला दोरीच्या गाठींसकट सुरकुत्या. मग सगळ्यावर फौजी हिरवा रंग. लांबून बघितलं तर खरा ट्रक फार दूर उभा आहे असंच वाटायचं.

हा ट्रक त्या कारखान्यातल्या प्रणित नावाच्या इंजिनियर पोराने बघितला आणि बाबांना एका रविवारी नवीन पनवेलला गुप्त्यांकडे घेऊन गेला.

कमळाकर गुप्ते, बँकेतले ऑफिसर. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत टेबल टेनिसचं टेबल होतं, पण त्यावर टेबल टेनिस कुणी खेळायचं नाही. रविवारी सकाळी चार-पाच पुरुष जमायचे आणि त्या टेबलावर लढाई खेळायचे. खाडीची रेती चाळून पसरलेली, पुस्तकांवर कापड टाकून केलेले डोंगर, एक सुळका तर हुबेहूब कर्नाळ्याचा. दोन्ही बाजूंना छोटे रणगाडे, तोफा, शिपाई. आपली पाळी आली की टेपने मोजून रणगाडा आठ इंच पुढे न्यायचा, फासे टाकायचे, आणि समोरचा उडाला की वाचला ते फाशांवर ठरायचं. नियमांचं जाडजूड बाड विलायतेतल्या पुतण्याने पाठवलेलं. रणगाडेही त्यानेच पाठवलेले, पण ते चारच. चार रणगाड्यांत कसली लढाई होते? म्हणून बाबांचा भाव वाढला.

दीड वर्षात बाबांनी त्यांना चौदा रणगाडे करून दिले. टपाल नाक्यावरच्या टपरीतून खेळण्यातले ट्रॅक्टर, चावीच्या जीपा, पाण्याचे टँकर पिशवी भरून आणायचे. आई, म्हणजे गुणाबाई, पदर खोचून विचारायची, "पोरगी लग्नाची झाली, आता बारसं कुनाचं हाय म्हनून खेलनी आनताव?" बाबा हसायचे आणि करवतीचं पातं स्टोव्हवर तापवायला ठेवायचे. तापल्या पात्याने प्लास्टिक लोण्यासारखं कापलं जातं आणि घरभर घाण वास सुटतो. बॉलपेनची रिकामी रिफिल म्हणजे तोफेची नळी, सायकलच्या ट्यूबची पट्टी म्हणजे रणगाड्याचा पट्टा. एकेका रणगाड्याला आठ-आठ दिवस लागायचे.

आणि एवढं करून त्या टेबलावर बाबांची जागा कुठे? दाराजवळच्या स्टुलावर. "अरे महादेव, जरा ती टेकडी सरकव." "महादेव, याचं चाक निघालं बघ." गुप्तेकाका बाबांपेक्षा दोन वर्षांनी लहान होते, बरं का! गाड्या करायच्या बाबांनी, टेबल मांडायचं बाबांनी, खेळ संपल्यावर पुसून डब्यात ठेवायचं बाबांनी. फासे मात्र दीड वर्षात एकदाही कुणी त्यांच्या हातात दिले नाहीत. मी स्टेन्सिली द्यायला जायचे तेव्हा हे बघायचे आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाबांना म्हटलं तर म्हणायचे, "बाय, मला बघायला आवडतं."

पण एक गोष्ट ते कुणाला न विचारता करायचे. सहा रणगाडे सांगितले की सहा रणगाडे आणि दोन ट्रक घेऊन जायचे. "ट्रक कशाला रे? नियमात ट्रकला काही काम नाही," असं गुप्तेकाका म्हणायचे आणि ट्रक टेबलाच्या कडेला शोभेला उभे करायचे.

एका रविवारी मी तिथेच होते. खेळ रंगात आला होता, रणगाडे या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. बाबा स्टुलावरून उठले आणि म्हणाले, "साहेब, एक इचारू? हे टँक सकालपासून पलतायत. ह्यांना डिझेल कोन देतो?"

सगळे हसले. गुप्तेकाकांच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "अरे बाबा, खेळण्यातले आहेत ते! त्यांना कसलं डिझेल?" बाबाही हसले. पण घरी आल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा मला पहिल्यांदा काशिराम कळला.

काशिराम शिरढोणचा. बाबांबरोबर एकाच दिवशी भरती झालेला, एकाच तुकडीत ड्रायव्हर. एकाहत्तरच्या लढाईत टँक वाळूत पुढे गेले आणि डिझेल संपून थांबले. मागून डिझेलच्या पिंपांनी भरलेले ट्रक निघाले. पुढचा ट्रक काशिरामचा, मागचा बाबांचा. काशिराम पोचला, पिंपं उतरवली, टँक हलले. रिकामी पिंपं घेऊन परत येताना त्याच्या ट्रकवर गोळा पडला.

"रिकामी पिपं होती, बाय," बाबा म्हणाले. "भरल्यापेक्षा रिकामी जोरात पेटतात. आत वाफ असते."

गावात कागद आला. दोन-चार तोंडाळ माणसं प्रत्येक गावात असतात, तशी तिथेही होती. टँकवर होता का? नाही. हातात बंदूक होती का? नाही. मग लढाईत कुठे मेला, गाडीच तर चालवत होता! हे वाक्य काशिरामच्या बायकोने, गोदूबाईने, लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं, नळावर ऐकलं. पंचवीस वर्षं. मुलंबाळं नव्हती, सासरचं कुणी उरलं नव्हतं, एकटी बाई परसात भाजी लावून जगत होती, आणि नवरा गेला तो गेला, वर त्याच्या मरणाला लोक दुय्यम ठरवत होते. मी त्या माणसांना कधी बघितलं नाही. समोर आली असती तर मी काय केलं असतं ते मलाच माहीत.

बाबांना एवढंच हवं होतं, की गोदूबाईने एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं. टँक थांबतो, आणि ट्रक पोचल्यावरच हलतो. सांगून बघितलं होतं त्यांनी, पण सांगणाऱ्याला कोण विचारतो? ते टेबलावर दिसायला हवं होतं, चार लोकांच्या देखत.

मग त्यांनी नियम सांगितला आणि मी टाइप केला. "नियम चौदा. दर तीन पाळ्यांनंतर इंधनाची गाडी रणगाड्यापाशी पोचलेली असली पाहिजे. न पोचल्यास रणगाडा जागेवर उभा राहील." गुप्तेकाकांनी वाचला, दुरुस्त केला, पुन्हा वाचला आणि चक्क खूश झाले. म्हणाले, "डिसेंबरात एकाहत्तरच्या लढाईला पंचवीस वर्षं होतात. शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन करू, लोकांसमोर लढाई खेळू. तुझा नियम घेऊ, महादेव, आणि ट्रकांची बाजू तूच खेळ. तीस ट्रक लागतील. करशील ना?"

तीस! बाबांनी चार महिने मान वर केली नाही. रिफिली कापून कापून पिंपं केली, प्रत्येक ट्रकमध्ये बारा. तीसही ट्रक सारखेच, फक्त एकाच्या केबिनमध्ये ड्रायव्हर होता. आगकाडीचा तुकडा, गुलाचं डोकं, आणि त्यावर केसाएवढ्या ब्रशने काढलेल्या मिशा. तो ट्रक झाला त्या दिवशी बाबा एसटीने शिरढोणला गेले आणि गोदूबाईंना आमंत्रण देऊन आले. "मला काय कलनार त्यातलं, भावजी?" त्या म्हणाल्या. "कलेल, वैनी. तुमी या फक्त."

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला ड्रायव्हर काय करतो? गाडी धुतो, हार घालतो, कुंकू लावतो, नारळ फोडतो. बाबांनी कारखान्याची बस पुजली. मग गुप्त्यांच्या गच्चीवर गेले. किल्ली त्यांच्याकडेच असायची, आणि गुप्तेकाका बहिणीकडे ठाण्याला गेले होते. बाबांनी तिथल्या प्रत्येक गाडीला तेलात कालवलेलं कुंकू आगकाडीने लावलं आणि पुढे झेंडूची एकेक पाकळी ठेवली. ट्रकांना, रणगाड्यांना, दोन्ही बाजूंच्या. पुतण्याने पाठवलेले विलायती चार रणगाडेसुद्धा सुटले नाहीत. आपल्या रंगाला हरकत नव्हती, तो तेलाचाच होता, पुसलं की झालं. त्या विलायती रणगाड्यांचा रंग कोरडा, खडूसारखा. तेलकट कुंकू त्यात आत शिरलं. ते निघेना म्हणून बाबांनी थिनरचा बोळा फिरवला, तर कुंकवाबरोबर रंगही गेला आणि मागे गुलाबी डाग उरला.

गुप्तेकाकांनी बाबांना सगळ्यांसमोर झाडलं. "देव्हारा आहे का हा? खेळण्यांची पूजा करतोस? आणि शत्रूच्या रणगाड्यालासुद्धा कुंकू? अक्कल गहाण टाकलीस का?"

बाबा खाली मान घालून म्हणाले, "गाडी ती गाडीच, साहेब. चालवनारा कुनीबी असला तरी त्याला घरी पोचायचं असतं."

यावर त्यांचे मित्र पुन्हा हसले. प्रणित तेवढा हसला नाही, पण बोललाही नाही. बाबांनी डागांवर पुन्हा रंग लावून दिला, चार वेळा माफी मागितली, मला वाटलं विषय संपला. गुप्तेकाका डूख धरणारे निघाले.

तर ती प्रदर्शनाची सकाळ. शाळेच्या हॉलमध्ये मधोमध मोठं टेबल, वर आमची खाडीची रेती, भोवती खुर्च्या, मुलं, त्यांचे आईबाप, गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. पहिल्या रांगेत गोदूबाई. धुवट हिरवं नऊवारी, मांडीवर कापडी पिशवी, आमच्यासाठी वालाच्या शेंगा आणलेल्या. बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर पदकं लावून आले होते. ती पदकं मी आजवर फक्त ट्रंकेत बघितलेली. आणि माझ्या हातात ती पुस्तिका, तेरा, पंधरा.

मी तडक गुप्तेकाकांसमोर गेले. "काका, चौदावा नियम कुठे गेला?"

"अगं, तो काढला. खेळ अडकतो त्याने. लोकांना रणगाडे धावताना बघायचेत, पेट्रोल पंप बघायला कोण येतं?"

"तुम्ही बाबांना कबूल केलं होतं."

"बघू म्हटलं होतं. आणि खरं सांगू का, रोहिणी, जो माणूस खेळण्यांना कुंकू लावतो त्याने लढाईचे नियम करायचे? लोक हसतील आम्हाला."

"हसतील? ज्याने लढाई बघितली त्याला हसतील आणि तुम्हाला नाही? तुम्ही बँकेच्या काउंटरपलीकडे कधी गेलात का हो?"

"आवाज खाली. पाहुणे आलेत."

तेवढ्यात बाबा आले. गुप्तेकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "महादेव, ट्रक मागच्या कडेला ओळीने लाव, छान दिसतात. आणि तू तिथेच उभा राहा, पोरं हात लावतात."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, पुस्तिकेकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं. आणि ते काय म्हणाले माहीत आहे? "बरं, साहेब."

मला गुप्त्यांचा नाही एवढा त्या क्षणी बाबांचा राग आला. बरं साहेब! चार महिने डोळे फोडून घेतले, तिकडे ती बाई एसटीचे धक्के खात आली, आणि बरं साहेब! मी बाबांकडे पाठ फिरवली. भिंतीला टेकून उभी राहिले आणि ओठ चावत राहिले.

खेळ सुरू झाला. गुप्तेकाका एका बाजूला, प्रणित दुसऱ्या. रणगाडे आठ आठ इंच धावायला लागले, मुलं टाळ्या पिटायला लागली. पहिली पाळी, दुसरी, तिसरी, चौथी. कुणी थांबलं नाही, कुणाला काही लागलं नाही. मागच्या कडेला तीस ट्रक ओळीत उभे, आणि त्यांच्या पाठीमागे बाबा, हात मागे बांधून.

गोदूबाई बराच वेळ बघत होत्या. मग शेतात हाक मारावी तशा मोठ्याने त्यांनी विचारलं, "भावजी, काशिरामची गाडी कंची?"

बाबांनी बोट दाखवलं.

"मग ती हालत का नाय?"

मागच्या रांगेतला एक गृहस्थ, कुठला कोण देव जाणे, चांगल्या मनानेच समजवायला गेला. "आजी, ते ट्रक आहेत. ते लढाईत नसतात."

गोदूबाईंची मान खाली गेली. पंचवीस वर्षं ऐकलेलं वाक्य, आणि ते ऐकायला आम्ही त्यांना एवढ्या लांब बोलावून आणलं होतं.

बाबा टेबलापाशी आले. "थांबा, साहेब."

"काय रे? मध्येच काय?"

"माज्या गाड्या माघारी घेतो."

त्यांनी शेवटचा ट्रक दोन बोटांत धरला, रेतीतून उलटा मागे आणला, वळवला आणि गाड्या आणायला घेतलेल्या, काठावर ठेवलेल्या आईच्या परातीत उतरवला. मग त्याच्या पुढचा. मग त्याच्या पुढचा. एकही वरच्या वर उचलला नाही, प्रत्येक गाडी रिव्हर्समध्ये घेतली, चाकांची खूण रेतीत उमटत गेली. तीस गाड्या. गुप्तेकाका दोनदा म्हणाले, "अरे काय चाललंय हे," पण त्यांच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

"चालवा आता," बाबा म्हणाले आणि परात घेऊन व्हरांड्यात गेले. गोदूबाई त्यांच्या मागोमाग उठून गेल्या.

आणि तुम्हाला काय सांगू, गुप्त्यांनी घसा खाकरून फासे उचलले! खेळ पुढे चालू होणार होता! तीस गाड्या निघून गेल्या आणि त्या टेबलावर कुणाचं काही अडलं नव्हतं. तिथे मात्र माझा ताबा सुटला. मी ओढणी पसरली आणि टेबलावरचे रणगाडे तिच्यात भरायला लागले. बाबांचे चौदा. मोजून. पुतण्याचे चार तेवढे ठेवले.

"रोहिणी! ते क्लबचे आहेत!"

"खेळण्यातले आहेत हो, काका. खेळणी ज्याने केली त्याची. तुमचे चार घ्या आणि खेळा, त्यांना कुंकू लागलंय, आता काही होणार नाही त्यांना."

व्हरांड्यात शहाबादी फरशी होती. मी गुडघ्यांवर बसून रणगाडे एका फरशीवर मांडले. रागाच्या भरात दोन रणगाडे आडवे पडले. मागून कुणीतरी येऊन बसलं. प्रणित. हातात टेप आणि फासे. "चौदावा नियम मला पाठ आहे," तो म्हणाला. त्याला दोन शब्द सुनावायचे होते मला, इतके दिवस गप्प बसलास म्हणून, पण ते नंतरसाठी ठेवले.

त्याने फासे बाबांच्या हातात दिले. पहिल्यांदा.

बाबांनी ते खाली ठेवले. "नको. त्या दिशी फासे नव्हते," ते म्हणाले, आणि रणगाडे आठ इंच पुढे सरकवले. एक पाळी. मग दुसरी. मग तिसरी. हॉलमधली मुलं दारात आली, त्यांच्यामागे त्यांचे आईबाप, तो मागच्या रांगेतला गृहस्थही. चौथ्या पाळीला बाबांनी हात मागे घेतला.

"थांबले, वैनी."

"का?"

"डिझेल संपलं. आता समोरून कुनीबी येऊन मारलं तरी हे जाग्यावरून हालनार नाय. आत मानसं हायेत, एकेकात चार."

गोदूबाई त्या उभ्या रणगाड्यांकडे बघत राहिल्या. बाबांनी परातीतून तो एक ट्रक काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "ही काशिरामची. सहा इंच ऱ्हायलेत. तुमीच न्या. ही पोचली की हे हालतील."

त्यांनी ट्रक डोळ्यांजवळ नेला. केबिनमध्ये बघितलं. "ह्यो तो?"

"तो."

"मिशा बरोबर काडल्यात," त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी त्या गृहस्थाला गाठलं. "ओ दादा, बघा. नीट बघा. हे तुमचे टँक उभे हायेत. माजा मानूस येवस्तोवर उभे हायेत. दिसलं का?"

"दिसलं, आजी," तो म्हणाला. त्याच्याने वर बघवत नव्हतं.

"मोठ्याने बोला."

"दिसलं."

गोदूबाई फरशीवर बसल्या. ट्रक खाली ठेवला, त्याच्या पाठीला बोट लावलं आणि ढकलला. एक इंच. दोन इंच. तीन. सगळा व्हरांडा त्या बोटाकडे बघत होता. मीही. मला वाटत होतं, आता पोचेल, आता हलतील, आता बाबांचं काम होईल.

बोट थांबलं.

"पोचला मंग परत येताना गेला ना, भावजी?"

बाबांनी मान डोलावली.

गोदूबाईंनी ट्रक उचलला. पिशवीतल्या शेंगा माझ्या ओढणीत ओतल्या, रिकाम्या पिशवीत ट्रक ठेवला आणि तोंड दोनदा पिळून घट्ट बांधलं. गुप्तेकाका दारातून पुढे आले, "अहो आजी, ट्रक द्या, लोक थांबलेत, खेळ अडकलाय," असं काहीतरी म्हणाले.

"अडकू दे," गोदूबाई म्हणाल्या. "उभे राऊ दे तुमचे टँक. ह्याला मी घरी नेते."